इतिहास कधी शिकले नव्हते, तरी प्लेगवर पेपर लिहिला: साडेचार महिन्यांची हकीकत

३० नोव्हेंबरला माझा एमएस्सीचा रिसर्च प्रोजेक्ट सबमिट झाला आणि १२ डिसेंबरला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. आता डोकं जरा मोकळं आहे म्हणून सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवतेय. जुलैमध्ये मी स्वतः असं काहीतरी शोधत होते, म्हणजे ज्या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्यावर पेपर लिहायचा असेल तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं, आणि मला मिळाल्या त्या फक्त संशोधन पद्धतीच्या नोट्स, गृहीतक म्हणजे काय आणि त्याचे प्रकार किती. त्याने धीर येत नाही.

माझा विषय संख्याशास्त्र. दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. १५ जुलैला आमच्या मॅडमनी प्रोजेक्टचे विषय वाटले, त्यात माझ्या वाट्याला आलं 'जुन्या आकडेवारीतले दोष', आणि त्या म्हणाल्या एखादी जुनी साथ घे, १८९६ चा मुंबईचा प्लेग घे, तेव्हाचे मृत्यूचे आकडे कितपत भरवशाचे आहेत ते बघ. मी हो म्हटलं कारण नाही म्हणायला दुसरं काही सुचलं नाही. डोंबिवलीला परत येताना लोकलमध्ये फोनवर 'मुंबई प्लेग' टाकलं आणि पोटात गोळा आला, इतकं होतं ते सगळं आणि त्यातलं काय महत्त्वाचं ते कळायला काही मार्गच नव्हता.

घरी सांगितलं तर आई लगेच म्हणाली, "प्लेग म्हणजे चाफेकर बंधू ना?" आपल्याकडे ज्याला सांगाल तो हेच म्हणतो, आणि दुसरं नाव निघतं ते सावित्रीबाईंचं, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण दोन्ही पुण्याच्या. पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर चाफेकरांनी गोळी झाडली २२ जून १८९७ ला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर. मुंबईतली साथ त्याच्या नऊ महिने आधी, सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगास यांनी ओळखली. दोन शहरं, दोन वेगळ्या कमिट्या, वेगळे अधिकारी, आणि मी पहिले आठ दिवस हे सगळं एकत्र कालवून वाचत होते, त्यामुळे एका पानावरचं दुसऱ्या पानाशी जुळेचना. म्हणून माझी पहिली टीप अशी की काहीही वाचायच्या आधी एका मोठ्या कागदावर तारखांची रेघ काढा. माझ्या रेघेवर १८९४ ला हाँगकाँगमध्ये येर्सँने प्लेगचा जंतू शोधला, सप्टेंबर १८९६ ला मांडवी, २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर केलेला हल्ला, ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा (मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी लावला तोच), मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकरची मुंबईतली प्लेग कमिटी, आणि १८९८ मध्ये कराचीत सिमाँने उंदरांवरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध दाखवला, एवढं होतं. हा कागद शेवटपर्यंत भिंतीवर चिकटवलेला होता.

त्या रेघेचा एक फायदा लगेच झाला. तेव्हाच्या सरकारी रिपोर्टमध्ये सारखं गटारं धुतली, कार्बोलिक ॲसिड ओतलं, भिंतींना चुना लावला असं येतं आणि मला कळेना की हे लोक उंदरांच्या मागे का लागत नाहीत. मग रेघेकडे बघितलं तर पिसवांचं १८९८ ला पुढे आलं आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९६ मध्ये जो अधिकारी गटार धुवत होता तो त्याच्या समजुतीप्रमाणे योग्यच करत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की जमेल बहुतेक, निदान एक गोष्ट तरी मला माझी मला समजली.

साधनं कुठे मिळाली ते सांगते, कारण मला वाटत होतं यासाठी पैसे लागतील आणि जवळजवळ काहीच लागले नाहीत. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर ब्रिटिश काळातल्या भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा संग्रह आहे, त्यात प्लेगचे सरकारी रिपोर्ट स्कॅन करून ठेवलेत, फुकट. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा १८९७ चा रिपोर्ट आणि गॅटेकरचा रिपोर्ट हे माझे मुख्य आधार होते. इंटरनेट अर्काइव्हवरही बरंच आहे. जेस्टोर या संशोधन लेखांच्या साइटवर साधं अकाउंट काढलं तर महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात, कॉलेजकडे वर्गणी नसली तरी. आणि शोधगंगा विसरू नका, आपल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे आहेत. मी प्रबंध अख्खा वाचायचेच नाही, आधी शेवटची संदर्भयादी उघडायची, कारण एखाद्याने पाच वर्षं घालवून काय काय वाचलं ते तिथे आयतं मिळतं, आणि तीन-चार प्रबंधांच्या यादीत जे रिपोर्ट पुन्हा पुन्हा येतात ते आपल्याला वाचायचेच आहेत असं समजायचं.

पण वाचायला बसले की भाषा आडवी यायची. इंग्रजी आहे पण सव्वाशे वर्षांपूर्वीचं, त्यात डॉक्टरी शब्द. मी एक शंभर पानी वही केली, तीन रकाने, शब्द, आजचा अर्थ, आणि कुठल्या रिपोर्टच्या कुठल्या पानावर दिसला. फ्थिसिस म्हणजे क्षय. रेमिटंट फीवर म्हणजे पूर्ण न उतरणारा, कमीजास्त होत राहणारा ताप. ब्यूबो म्हणजे काखेत किंवा जांघेत येणारी गाठ. पर मिल म्हणजे दर हजारी, आणि हे मी दोनदा टक्के समजून वाचलं होतं. गावांची आणि वस्त्यांची नावं हा आणखी एक ताप, कामाठीपुरा इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, म्हणून शोधताना एकच स्पेलिंग टाकून 'काही नाही' म्हणू नका. मराठीतही तेच. जुन्या मराठी छापील मजकुरात 'प्लेग' हा शब्द असेलच असं नाही, गाठीचा ताप असतं, ग्रंथिक सन्निपात असतं, नुसतं महामारी असतं. वहीत शेवटी चौसष्ट शब्द झाले आणि साधारण चाळिसाव्या शब्दानंतर रिपोर्ट वाचायचा वेग एकदम वाढला, आधी तासाला चार पानं व्हायची ती वीस व्हायला लागली.

ऑगस्टमध्ये मी भरकटले. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनबद्दल वाचायला लागले आणि थांबताच येईना. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत कामाला लागला, आणि १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. माणूसच तसा आहे, वाचत राहावंसं वाटतं. दहा दिवसांत अकरा पानं लिहून २० ऑगस्टला मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी सगळी शांतपणे वाचली, शेवटच्या पानावर पेन्सिलने एक ओळ लिहिली, 'यात तुझा प्रश्न कुठे आहे?' आणि वही परत दिली. त्या संध्याकाळी मला रडू आलं. अकरा पानं वाया गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं की महिना उलटून गेला आणि माझ्याकडे प्रश्नच नाही, नुसती माहिती आहे.

प्रश्न मिळाला तो गणपतीत, आणि मिळाला आजीकडून. आजी ब्याऐंशी वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. आरती झाल्यावर सगळे बसलो होतो, मी काय करतेय असं तिने विचारलं, मी प्लेग म्हटलं, तर ती तिच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायला लागली. "उंदीर पडलं की गाव रानात जायचं. घरात कोण राहायचं न्हाई. दोन-दोन म्हैनं बाहेर. तवा गावात मोजाया कोण आलं असतं तर नुसती कुत्री घावली असती त्याला."

मोजाया. मी तिथल्या तिथे उठून रिपोर्ट उघडला. मृत्यूदर काढायचा तर वर मेलेली माणसं आणि खाली एकूण लोकसंख्या, हे मला अकरावीपासून माहीत आहे. वरच्या आकड्याकडे मी महिनाभर बघत होते, खालच्या आकड्याकडे बघितलंच नव्हतं. खाली घेतलेली होती १८९१ च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या, ८,२१,७६४. पण १८९७ च्या सुरुवातीला लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले होते, रिपोर्टमध्येच ते लिहिलेलं आहे, रेल्वे स्टेशनवर आणि धक्क्यावर गर्दी लोटली होती. मग शहरात जी माणसं उरली होती त्यांच्यातला मृत्यूदर छापलेल्या दरापेक्षा कितीतरी जास्त असणार. पुढे १९०१ ची जनगणना बघितली तर मुंबई ७,७६,००६, म्हणजे दहा वर्षांत कमी झाली. आणि ती गणना झाली १ मार्च १९०१ ला, प्लेगचा जोर दरवर्षी जानेवारी ते एप्रिल असायचा, म्हणजे ऐन साथीत, लोक बाहेर असताना. १९०६ मध्ये म्युनिसिपालिटीने पुन्हा मोजलं तेव्हा ९,७७,८२२ भरली. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ नुसत्या जन्मांनी होत नाही. आजीने सांगितलेलं रिकामं गाव मला त्या तीन आकड्यांत दिसत होतं.

तुमचा विषय कितीही अनोळखी असो, तुम्हाला आधीपासून येणारी एखादी गोष्ट त्यात कुठेतरी असतेच, तिथून आत शिरा असं मी कळकळीने सांगेन. मी इतिहासाच्या बाजूने शिरायचा प्रयत्न करत होते म्हणून दीड महिना बाहेरच राहिले. छेद, म्हणजे खालचा आकडा, काय घेतलाय हा प्रश्न मला रोज पडतो, तो इथे विचारला आणि दार उघडलं.

आता पुराभिलेखागार. सरकारी मूळ कागद बघायचे असतील तर मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आहे. पहिल्यांदा गेले १९ सप्टेंबरला आणि तसंच परत आले, कारण मी फक्त कॉलेजचं आयकार्ड घेऊन गेले होते आणि विभागाचं पत्र लागेल हे मी आधी विचारलंच नव्हतं. चूक माझी. जाण्यापूर्वी फोन करून काय लागतं, वाचनकक्ष किती वाजेपर्यंत, सुट्ट्या कधी, हे विचारून घ्या, नियम अधूनमधून बदलतात. मला लागलं ते विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र, त्यात विषय आणि कालखंड स्पष्ट लिहिलेला, आधारची झेरॉक्स आणि तिथला अर्ज. पत्रात कालखंड जरा सैल ठेवा, मी १८९६-९७ लिहून घेतलं होतं आणि मला १९०१ चे कागद हवे झाले तेव्हा नवीन पत्र आणावं लागलं, त्यात चार दिवस गेले कारण विभागप्रमुख परीक्षेच्या कामात होते. २५ सप्टेंबरला पुन्हा गेले.

आत गेल्यावर मला काय मागायचं तेच कळेना. चिठ्ठी भरून द्यायची असते, कुठला विभाग, कुठलं वर्ष, कितवा खंड, आणि मी 'प्लेगचे मृत्यू' असं लिहून बसले होते. शेजारच्या टेबलावर इतिहासात पीएचडी करणारी एक ताई होती, तिने चिठ्ठी बघितली आणि हळूच सांगितलं की जनरल डिपार्टमेंटचे प्लेगचे वेगळे खंड आहेत, आधी सूची माग, सूचीत नंबर बघ, मग चिठ्ठी भर. फाइल शोधून आणायला वेळ लागतो, माझी पहिली फाइल यायला दुपार झाली, म्हणून सकाळी उघडताच जा आणि डबा बरोबर ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिल लागते, दोन न्या. कागद ठिसूळ असतात, पान उलटताना खालून हात द्यायचा हे त्या ताईने करून दाखवलं. पहिलं पान मी उलटलं तेव्हा कडेचा एक बारीक तपकिरी तुकडा टेबलावर पडला, नखाएवढा, आणि मला इतकं अपराधी वाटलं की पुढची दहा मिनिटं मी नुसती त्याच पानावर बसून होते. मग तिथल्या काकांना सांगितलं, त्यांनी तो उचलून त्याच पानात ठेवला.

जेवताना मी ताईला म्हटलं, इथे आकड्यांचे तक्ते कमी आणि पत्रंच जास्त आहेत. ती म्हणाली, "तू आकडे शोधू नकोस, ते तुला छापील मिळालेत. तू वाद शोध. दोन साहेब एका आकड्यावरून वाद घालत असतील ना, तिथे तुला कळेल तो आकडा तयार कसा झाला." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्यानंतर माझं वाचणंच बदललं. घरी मेलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण कोण लिहिणार, डॉक्टरने रोगी जिवंत असताना बघितलाच नसेल तर काय लिहायचं, नोंद कुणाच्या सांगण्यावरून होते, हे प्रश्न डोक्यात ठेवून वाचलं की साधी पत्रंसुद्धा बोलायला लागतात. पहिली फुकट गेलेली खेप सोडून सहा वेळा गेले मी तिथे, ती धरून सात.

ऑक्टोबरभर तक्त्यांचं काम. स्कॅनमधून मजकूर आपोआप उतरवता येतो पण आकड्यांसाठी त्यावर अजिबात विसंबू नका. जुन्या छपाईत ३, ५ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात आणि सॉफ्टवेअर बिनधास्त एकाचं दुसरं करतं. एका तक्त्यात आठवड्यांची बेरीज खाली छापलेल्या बेरजेपेक्षा बरोबर पाचने कमी येत होती. मी तीनदा टाइप केलं, तीनदा पाच कमी. शेवटी पान चारशे टक्के मोठं करून एकेक आकडा बोटाने धरून बघितला, तर 'ताप' या रकान्यात एका जागी मी ज्याला ३ समजत होते त्याच्या डाव्या बाजूला शाईची अगदी फिकट कड होती, तो ८ होता. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी आईला उठवून ते दाखवलं, तीही बघत बसली. तेव्हापासून नियमच केला, कुठलाही तक्ता उतरवला की आधी आडव्या आणि उभ्या बेरजा छापील बेरजेशी जुळवायच्या, मगच पुढचं पान.

दुसरा घोटाळा वर्षाचा. एक तक्ता जानेवारी ते डिसेंबर, म्युनिसिपालिटीचा वार्षिक रिपोर्ट एप्रिल ते मार्च, आणि दोन्हींवर नुसतं वर्ष लिहिलेलं. मी ते एकाखाली एक जोडले आणि ग्राफमध्ये दोन शिखरं आली, चार दिवस मी त्या दुसऱ्या शिखराचं कारण शोधत होते, त्यावर अर्धं पान लिहिलंसुद्धा. ते शिखर नव्हतंच, तेच महिने दोनदा मोजले गेले होते.

नंतर जे केलं ते तसं सोपं होतं. साथीच्या आधीच्या पाच वर्षांत त्याच आठवड्यात सरासरी किती मृत्यू व्हायचे ते काढलं, साथीतल्या आठवड्याच्या मृत्यूंतून ते वजा केलं, आणि जो जास्तीचा भाग उरला तो 'प्लेग' म्हणून नोंदलेल्या मृत्यूंशी ताडून बघितला. कोरोनात आपण पेपरात वाचायचो ते जास्तीचे मृत्यू म्हणजे हेच. जास्तीचे मृत्यू प्लेगच्या रकान्यात मावत नव्हते. उरलेले 'ताप' आणि 'श्वसनाचे विकार' या रकान्यांत सांडलेले दिसत होते, जे दरवर्षी असतातच पण इतके कधीच नसतात.

पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की लोकांनी प्लेग लपवला. ते काही अंशी खरंच आहे आणि का लपवला तेही कागदांत दिसतं, रोगी सापडला की घरच्यांपासून तोडून हॉस्पिटलात न्यायचे, घरातलं सामान जाळायचे, प्रेताची तपासणी व्हायची, बायकांना परके पुरुष तपासायचे, जातीपातीचे आणि पडद्याचे नियम मोडायचे. आपल्या माणसाला तिथे नेलं की तो परत येत नाही असा लोकांचा अनुभव होता आणि आर्थर रोडवरचा हल्ला त्या भीतीतूनच झाला. मी हे लिहिताना माझ्या पणजोबा-खापरपणजोबांच्या वयाची माणसं डोळ्यांसमोर येत होती, त्यांना अडाणी म्हणून सोडून देणं मला शक्य नव्हतं. पण मॅडमनी समासात लिहिलं, 'डॉक्टर चुकू शकत नाही का?' मग वाचलं तर प्लेगचा एक प्रकार थेट फुफ्फुसांत होतो, त्यात गाठ येतच नाही, खोकला आणि रक्त पडतं. अशा रोग्याचा मृत्यू डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून लिहिला असेल तर त्यात कुणी काही लपवलेलं नाही. म्हणजे त्या रकान्यात लपवलेलेही आहेत आणि चुकलेलेही आहेत, आणि नुसत्या आकड्यावरून ते वेगळे काढता येत नाहीत. शिवाय जे गावाला पळाले आणि तिथे मेले ते मुंबईच्या तक्त्यात नाहीतच. म्हणून शेवटी मी एक आकडा न देता खालची आणि वरची मर्यादा दिली आणि कुठल्या गृहीतकाने कुठली मर्यादा आली ते लिहिलं. एकच ठोस आकडा द्यावा असं फार वाटत होतं, बघायला बरं दिसतं, पण ते खोटं झालं असतं.

लिहिण्याबद्दल थोडंच सांगते. संदर्भ नोंदवून ठेवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, फुकट आहे. मी ऑगस्टअखेर सुरू केलं आणि त्याआधीच्या टिपणांत पान नंबरच नव्हते, ते परत शोधण्यात दिवाळीच्या आधीचे तीन दिवस गेले. प्लॅगरिझम रिपोर्ट, म्हणजे आपला मजकूर दुसरीकडच्याशी किती जुळतो ते, पहिल्यांदा १९ टक्के आला तेव्हा हातपाय गार पडले होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही आणि संदर्भयादी, नीट उद्धृत केलेला मजकूर हे त्यातून वगळायचं असतं. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते वगळलेलं नव्हतं, सगळ्या रिपोर्टांची लांबलचक नावं त्यात धरली गेली होती. वगळून पुन्हा काढला तर ७ आला. असं झालं तर घाबरून वाक्यं फिरवत बसू नका, आधी काय काय मोजलंय ते बघा.

खर्च असा झाला: चौऱ्याहत्तर पानांच्या तीन प्रती, दोन रुपये पानाप्रमाणे ४४४, बाइंडिंग प्रत्येकी १८० प्रमाणे ५४०, झेरॉक्स आणि वह्या-पेन्सिली मिळून साधारण तीनशे, आणि फोर्टात जाण्यायेण्याचे पाचशेच्या आसपास. अठराशेच्या आत झालं. बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या दोन दिवसांत रांग असते, सबमिशनच्या तीन दिवस आधीच देऊन टाका.

व्हायवाला बाहेरून आलेले सर होते. ग्राफ, मॉडेल, याबद्दल मी आठवडाभर तयारी केली होती. त्यांनी प्रत उघडली, दुसऱ्या प्रकरणातल्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मोजलं कोणी?" मी बोलायला लागले. दवाखान्यातला मृत्यू, घरातला मृत्यू, स्मशानात आणि दफनभूमीत होणारी नोंद, सांगणारा नातेवाईक, त्याला वाटणारी भीती, लिहिणारा कारकून, ज्याच्यापुढे दिवसाला नेहमीच्या कितीतरी पट प्रेतं येत होती. किती वेळ बोलले ते कळलं नाही, मॅडम नंतर म्हणाल्या बारा मिनिटं. सरांनी ग्राफबद्दल एकच प्रश्न विचारला आणि प्रत मिटली.

घरी आल्यावर आजीला प्रोजेक्टमधलं तिच्या आठवणीचं पान वाचून दाखवलं, तिच्या नावाशिवाय पण तिच्याच शब्दांचा आधार घेऊन लिहिलेलं. गाव सोडून लोक रानात झोपड्या बांधून राहत, असं मी लिहिलं होतं. तिने मधेच थांबवलं. "झोपड्या न्हवं गं पोरी. खोपी. झोपडी ऱ्हायाची असती, खोप तेवढ्यापुरती." कॉलेजात दिलेल्या दोन प्रतींत झोपड्याच आहेत. घरच्या प्रतीत पेन्सिलने खोडून वर खोपी लिहिलंय.